काडेपेटीतली स्वप्ने

चित्रपटाविषयी बोलायचे आणि चित्र मात्र एकही दाखवायचे नाही, ही आकाशवाणीवरच्या वक्त्याची नेहमीचीच अडचण. भाषण पुस्तिकेत छापले म्हणून ती काही सुटत नाही. तेव्हा वाचकहो, आज तुम्हांला थोडे कष्ट घ्यावे लागतील. मी सांगेन ती चित्रे तुम्ही मनातल्या मनात पाहायची. त्यातून विषय असा आहे की, यातली बरीच चित्रे जागेपणी कुठे दिसतच नाहीत. ती स्वप्नातच दिसायची.

स्वप्नात काय होते पाहा. आपण आपल्या शेताच्या बांधावरून चाललेलो असतो. पाच-दहा पावले टाकतो न टाकतो तोच बांधाचा जिना होतो, जिना चढून जावे तर वर शाळेचा वर्ग, आणि फळ्यापाशी मास्तरांच्या जागी आपली वारलेली आजी उभी. गंमत अशी की, त्या वेळी आपल्याला याचे काडीचेही नवल वाटत नाही. नवल वाटते ते जाग आल्यावर. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ नावाच्या कवीने एक जाहीरनामा काढला. स्वप्न आणि जागेपण यांच्यामधली भिंत पाडावी, दोन्ही मिळून जे अधिक खरे वास्तव होईल ते कवितेत नि चित्रात आणावे, असे त्याचे म्हणणे होते. या पंथाला मराठीत आपण अतिवास्तववाद म्हणतो. नाव जड आहे, पण माल आपल्या ओळखीचा आहे. मुक्ताबाईच्या एका अभंगात एवढीशी मुंगी आभाळात जाते आणि सूर्यालाच गिळून टाकते. आपल्या वारकऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या टाळमृदंगावर म्हटले. त्यासाठी त्यांना पॅरिसच्या जाहीरनाम्याची वाट पाहावी लागली नाही. अर्थात, हेतू निराळे होते हे विसरून चालणार नाही. मुक्ताबाईची मुंगी परमार्थाकडे नेते. ब्रेताँ मंडळींचे स्वप्न माणसाच्या दडपलेल्या मनाकडे नेते.

अशी स्वप्ने पडद्यावर दाखवायला सर्वांत सोयीचे साधन म्हणजे हलत्या चित्रांचा सिनेमा, ज्याला आपण कार्टून किंवा ॲनिमेशन म्हणतो. सिनेमाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. कार्टूनवाला प्रत्येक चित्र साधारणपणे दोनदा घेतो. म्हणजे एका सेकंदासाठी त्याला निदान १२ चित्रे काढावी लागतात. दहा मिनिटांच्या खेळाला सात हजार दोनशे चित्रे झाली! पण एवढे कष्ट उपसले की मग त्याच्यावर कसलेही बंधन उरत नाही. म्हैस उडवा, घराला पाय फोडा, माणसाचे झाड करा. कागदाला काय, सगळे सारखेच.

आता माझा मुद्दा सांगतो. कॅमेऱ्याने खरा बाजार टिपला तर त्यात कोणीही येऊन जातो. भाजी विकणारी म्हातारी, हमाल, शाळा चुकवून आलेले पोर, दिग्दर्शकाच्या ध्यानीमनी नसताना चौकटीत शिरतात. हातांनी काढलेल्या चित्रात असा आगंतुक कोणी येऊ शकत नाही. तिथे जो दिसतो तो कोणीतरी ठरवून काढलेला असतो, आणि जो दिसत नाही तोही ठरवूनच, नाहीतर विसरून, वगळलेला असतो. म्हणून ज्या सिनेमात काहीही होऊ शकते, त्याच सिनेमाला हा प्रश्न अधिक कसून विचारायला हवा: या स्वप्नात कोणकोण आहे? त्यांना कोणत्या रूपात आणले आहे? आणि हे स्वप्न पाहणारा कोण?

हा प्रश्न पोकळ नाही, हे अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळेल. १९३० नंतरच्या काळात न्यूयॉर्कमध्ये फ्लायशर बंधूंची चित्रशाळा होती. मोठा भाऊ मॅक्स हा युरोपातून लहानपणी आलेल्या ज्यू कुटुंबातला. यांची कार्टुने म्हणजे अस्सल स्वप्नच; भुते नाचताहेत, वस्तूंना तोंडे फुटताहेत, काही विचारू नका. १९३२ साली त्यांनी ‘मिनी द मूचर’ काढले. सुरुवातीला कॅब कॅलोवे हा काळ्या वर्णाचा नामांकित गायक आपल्या वाद्यवृंदासह साक्षात दिसतो. पुढे गुहेत एक वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी, भुताच्या रूपात येऊन नाचतो. तो नाच कॅलोवेचाच; त्याच्या हालचालींचे चित्रण करून त्यावरून रेघ न् रेघ गिरवलेली. ज्या काळात अमेरिकेत गोऱ्यांच्या शेजारी काळ्या माणसाला बसायची चोरी होती, त्या काळात त्याची कला अशी घरोघरच्या लोकांपुढे आली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच वर्षी त्याच चित्रशाळेच्या दुसऱ्या एका कार्टुनात थोर तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग यांचे नुसते मुंडके आभाळात तरंगते, रानातून पळणाऱ्या नायकाचा पाठलाग करते, आणि ते मुंडके ज्याचे म्हणून दाखवले आहे तो असतो रानटी नरभक्षक. तीच लेखणी, तेच वर्ष, तीच स्वप्नाची मोकळीक. एकदा तिने कलावंताचे पाय अमर केले, दुसऱ्यांदा कलावंताला नरभक्षक केले. पुढे १९६८ साली वॉर्नर कंपनीच्या जुन्या चित्रांपैकी अकरा कार्टुने, काळ्या लोकांच्या विटंबनेमुळे, त्यांच्या तेव्हाच्या मालकांना दाखवणे बंद करावे लागले. स्वप्न मोकळे असले म्हणून ते न्यायी असतेच असे नाही, बरं का.

आता आपल्याकडे येऊ या. आपल्याकडची कथा सुरू होते ती नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापासून. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी केलेला एक उद्योग शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. कुंडीत वाटाणा पेरून ते रोज त्याची थोडी थोडी छायाचित्रे घेत गेले. पुढे ती फीत सलग फिरवली, तेव्हा मातीतून अंकुर निघून वेल झरझर वर चढताना दिसला. जे शेतकरी रोज पाहतो पण हलताना कधी पाहत नाही, ते फाळक्यांनी हलवून दाखवले. हीच किमया पुढे कामी आली. १९१५ च्या सुमारास, महायुद्धाच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांत, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. काडेपेटीतल्या काड्या एकेक रेसभर सरकवायच्या, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावर काड्या आपण होऊन चालतात, आकार धरतात, मोडतात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने असा खेळ १९०८ साली केलेला होता. फाळक्यांची ती फीत आज उपलब्ध नाही. नुसते नाव राहिले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या काड्यांविषयी एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. काडीला चेहरा नाही, जात नाही, ती बाई नाही नि बुवाही नाही. खऱ्या माणसांचा चित्रपट काढताना मात्र फाळक्यांना या सगळ्याशी झगडावे लागले. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी रामाचेही काम केले आणि सीतेचेही! म्हणजे राम विरहाने व्याकूळ होतो तो स्वतःसाठीच. दरम्यान १९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्याच. दागिने गहाण पडले ते त्यांचे. फितीला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्या करीत. काड्यांच्या मौजेचा इतिहास लिहिताना या बाईचे नाव सहसा येत नाही. मला ते खटकते.

मधली वर्षे भरभर ओलांडू. १९३४ साली, कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ हे कोल्ह्याचे कार्टून काढले. आणखीही काही प्रयोग झाले. बहुतेकांत प्राणी, आणि चालण्या-धावण्याची ढब अमेरिकेची. त्यांत आपले असे थोडेच.

मोठा पालट झाला तो १९५६ साली. आपल्या मराठवाड्याने याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या संसारातून निघून मुंबई राज्यात पाऊल टाकले. त्याच वर्षी मुंबईत भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला. योगायोगच, पण माझ्यासारख्या परभणीकराला तो नोंदवावासा वाटतो. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. हाताखाली गोखल्यांसारखे मराठी चित्रकार होते, दक्षिणेतून आलेले राम मोहन होते. त्यांनी ‘द बनियन डिअर’ ही जातककथा चित्रांत आणली. राजाच्या शिकारीसाठी रोज एक हरिण पाळीने मरायला जायचे. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर येते, तेव्हा कळपाचा नायक तिच्या जागी स्वतः मान ठेवतो. या चित्रांची घडण घेतली कुठून, तर अजिंठ्याच्या भिंतींवरून. म्हणजे अमेरिकन गुरू, मुंबईचे टेबल, आणि रेषा मात्र आपल्या मराठवाड्याच्या लेण्यांतली. हे पहिले पाऊल योग्य दिशेने पडले असे मला वाटते, कारण परकी ढब टाकायची तर आधी स्वतःच्या भिंती पाहाव्या लागतात.

फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. त्या काळी तिचे छोटे चित्रपट मुख्य खेळाआधी दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे होते. म्हणजे तालुक्याच्या टॉकीजमध्ये दिलीपकुमार पाहायला गेलेला मनुष्य आधी धरणे, लशी, पाळणा लांबवा, हे सगळे पाहूनच मग दिलीपकुमारापर्यंत पोचे. लोक कंटाळत, बिड्या ओढायला बाहेर थांबत. पण याच सरकारी दालनातून एक विलक्षण मनुष्य निघाला. त्याचे नाव प्रमोद पती. जन्म १९३२ चा. ते चेकोस्लोव्हाकियात प्रागला जाऊन यिर्झी त्रन्का या थोर बाहुलीकाराजवळ शिकून आले. परत आल्यावर त्यांनी कुटुंबनियोजनासारखे रूक्ष विषयही असे काही हाताळले की, ओढलेली बिडी खाली पडावी. १९६८ चे ‘क्लॅक्सप्लोजन’ आणि ‘एक्सप्लोरर’, १९७० चे ‘ट्रिप’, आणि १९७२ चे ‘आबिद’. एवढ्या भांडवलावर ते आज देशोदेशींच्या जाणकारांना ठाऊक आहेत. १९७५ साली, अवघ्या त्रेचाळिसाच्या आत-बाहेर, ते गेले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात त्यांच्या नावाचे पारितोषिक आहे.

‘आबिद’वर थोडे थांबू. जेमतेम पाच मिनिटांचा खेळ. शब्द नाहीत. एक खोली आणि एक चित्रकार. पती यांनी जिवंत माणसालाच बाहुली केले: माणूस उभा राहतो, चित्र घेतात, तो तसूभर सरकतो, पुन्हा चित्र घेतात. पडद्यावर मग तो पाय न हलवता घसरत जातो, नाहीसा होतो, उगवतो. भिंतींवर, जमिनीवर रंग आपोआप पसरतात, आणि खोली हळूहळू त्याच्या डोक्याच्या आतल्या भागासारखी दिसू लागते. हा चित्रकार म्हणजे आबिद सुरती. १९३५ साली गुजरातेत जन्मलेले, मुंबईच्या डोंगरीत वाढलेले, ‘ढब्बूजी’ या हास्यचित्रमालेने हिंदी घरांत माहीत झालेले. आता नीट ध्यानात घ्या. त्या काळच्या शाळांत राष्ट्रीय एकात्मतेचे तक्ते टांगलेले असत. त्यांत मुसलमान ओळखायचा गोंड्याच्या टोपीवरून, शीख पगडीवरून, ख्रिस्ती टोपी-पाटलोणीवरून, आणि शेतकरी नांगरावरून. हेतू चांगला, पण माणूस गेला कुठे? त्याच सरकारच्या पैशाने निघालेल्या ‘आबिद’मध्ये टोपी नाही, तक्ता नाही, उपदेश नाही. चित्रपटाचे नावच एका माणसाचे पाळण्यातले नाव आहे, आणि दाखवले आहे त्याचे मन. विविधतेचे याहून सभ्य दर्शन त्या दशकात मला दुसरे ठाऊक नाही. (जाता जाता सांगतो, याच आबिदभाईंनी २००७ साली मिरा रोडला नळकारागीर बरोबर घेऊन रविवारी लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायचे काम सुरू केले. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखाला हे त्यांच्या चित्रांहून अधिक पटेल!)

शिक्षकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना ‘एक अनेक और एकता’ आले असेल. १९७४ चा तो चित्रपट मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी केला, आणि त्याची हलती चित्रे भीमसैन यांनी काढली. विजयाबाई हाडाच्या शिक्षिका. १९२१ ते २०१९ असे दीर्घ आयुष्य त्यांनी शिक्षण आणि चित्रपट यांच्यासाठी वेचले. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडतात, ही आपली जुनी गोष्ट त्यात आहे. दूरदर्शनने ती इतक्या वेळा दाखवली की एका पिढीच्या तोंडी ते गाणे बसले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: शिकवणारी ताई पोरांच्या बरोबरीने बागेत बसते, टेबलामागे नाही.

पुढे राम मोहन यांच्याकडे एक अवघड काम आले. १९९० नंतरच्या वर्षांत युनिसेफला दक्षिण आशियातल्या खेड्यातल्या मुलींसाठी एक नायिका हवी होती. तिचे नाव मीना. ही मीना बांगलादेशात, भारतात, नेपाळात, पाकिस्तानात सगळीकडे आपल्याच गावची वाटली पाहिजे. तिला नेसवायचे काय? घर कोणते, डोंगर कोणते? गावोगाव चित्रे दाखवून, लोकांना विचारून मीनाचे रूप ठरले. नाव असे की हिंदूंच्या घरीही चालावे, मुसलमानांच्याही. अंगात लांब सदरा आणि घेरदार परकर, जो कुणाच्याच डोळ्याला परका वाटू नये. तिचा पोपट मिठू बोलतो, एवढेच काय ते स्वप्न. बाकी भावाला मोठा आंबा आणि बहिणीला लहान फोड हा रोजचा जागेपणाचा व्यवहार. चित्र काढण्याआधी ज्यांचे चित्र काढायचे त्यांना विचारायला जाणे, ही रीत या कामाने पाडली. कलेच्या दृष्टीने मीना साधी आहे. सर्वांची व्हायची म्हणून ती कुणा एकाच गावची उरली नाही, हेही खरे. पण तिला पाहून शाळेत जायचा हट्ट धरलेल्या पोरी असतील, तर समीक्षकांनी जरा गप्प बसावे.

आणि आता पुन्हा काडेपेटी. फाळक्यांच्या काड्यांनंतर सुमारे नव्वद वर्षांनी, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ नावाचा पंधरा मिनिटांचा चित्रपट एकटीने रंगवला. फाळकेही जे. जे.चेच विद्यार्थी होते बरं का. गोष्ट अशी: मुंबईतल्या एका इमारतीत एक म्हातारी बाई मांजरासोबत एकटीच राहते. तिचे दिवस करडे, भिंती करड्या, खिडकीतले शहर करडे. पण तिच्यापाशी काडेपेट्यांचा साठा आहे. तुम्हांलाही त्या पेट्यांवरची चित्रे आठवत असतील: हत्ती, घोडेस्वार, मोटार, देवदेवता. ती एकेक पेटी हाती घेते आणि त्या चित्राच्या आत निघून जाते. आत रंगच रंग. २००६ साली कान येथील समीक्षक सप्ताहात या चित्रपटाला तीन पुरस्कार मिळाले. मला पुरस्कारांहून मोठी वाटते ती नायिकेची निवड. आपल्या सिनेमात म्हातारी येते ती कोणाची तरी आई म्हणून, आशीर्वाद द्यायला नाहीतर खोकायला. तिला स्वतःचे स्वप्न असते, तेही रंगीत असते, हे इथे पाहायला मिळते. आणि ते खऱ्या नटीकडून दाखवणे जवळजवळ अशक्य होते. स्वप्नचित्राची पद्धत इथे नुसती चमत्कृती राहिली नाही. ज्या बाईकडे कोणी पाहत नाही तिच्या डोळ्यांनी पाहण्याचे ते साधन झाले.

याच बाईंचा २०१९ चा ‘बॉम्बे रोज’ व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा पहिला खेळ म्हणून दाखवला गेला. सगळा चित्रपट हातांनी रंगवलेला. यात बालविवाहाच्या भीतीने मध्य प्रदेशातून पळून आलेली कमला गजरे विकते, काश्मिरातून आलेला सलीम फुले विकतो, आणि जुन्या आठवणींत हरवलेली ख्रिस्ती शिक्षिका डिसूझाबाई आहे. फूटपाथवरची कमला स्वप्न पाहते तेव्हा पडद्यावर जुन्या दरबारी लघुचित्रांचे जग उघडते. शहराचे इतके निरनिराळे लोक एका चित्रपटात, प्रत्येकाला आपापले स्वप्न, हे नवेच होते. तरीही खेड्यातल्या माणसाने एक शंका विचारावी, आणि मी ती विचारणारच: यात गाव कोठे आहे? गाव आहे ते पळून येण्याची जागा म्हणून. रंगीत स्वप्न पडायला आधी मुंबईची गाडी पकडावी लागते, असा अर्थ त्यातून निघतो. गीतांजलीबाईंचा तो दोष नव्हे. त्या मुंबईच्या, त्यांनी मुंबईचे पाहिले. गावाचे स्वप्न गावाने काढायचे असते.

ते काढता येते, याचे उदाहरण कच्छात आहे. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.त शिकवणाऱ्या नीना सबनानी यांनी २००९ साली ‘टांको बोले छे’ केला. म्हणजे टाका बोलतो. कला रक्षा या संस्थेशी जोडलेल्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांची ती कहाणी. १९७१ च्या लढाईत सिंध सोडून त्या इकडे आल्या, आणि २००१ चा भूकंप त्यांनी सोसला. त्यांनी आपल्या आठवणी कापडावर टाक्यांनी उतरवल्या; तेच कापडी उंट, कापडी घरे, कापडी बाया पडद्यावर चालू लागतात, आणि बोलणारे आवाजही त्यांचेच. पुढे ‘हम चित्र बनाते हैं’मध्ये सबनानीबाईंनी भिल्ल चित्रकाराच्या हाताची चित्रे हलवली, २०१६ सालासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आता इथे चित्र कोणाचे आणि चित्रकार कोण, हा भेदच मिटत आला.

आपल्याकडे काय सामग्री आहे? आपल्या बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवतात. त्यांत कोणाच्या लग्नातला शालू, कोणाच्या पहिल्या बाळाचे टोपडे असे ठिगळाठिगळाने बसलेले असते. आपल्याकडे रायरंद येतो. सकाळी फौजदार, दुपारी वैद्य, संध्याकाळी वेडा. एकच माणूस दहा माणसे होतो, आणि आपण त्याला सुपात धान्य घालतो. पैठणच्या नाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, महार, आंधळा, मुका, बहिरा अशा सगळ्यांना बोलते केले.

आणि आपल्या जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईचे गाव. नामदेवाच्या घरची दासी. तिने जे पाहिले ते ब्रेताँच्या मंडळींनाही सुचले नसते: दळताना हात दुखू लागले की पंढरीचा देव येऊन जात्यापाशी बसतो आणि खुंटा धरतो. स्वप्न म्हणावे तर पीठ खरे आहे. घरातली सर्वांत खालची बाई, आणि तिच्या समोर मांडी घालून राबणारा देव. कार्टुनाला याहून चांगला विषय मी तरी सांगू शकत नाही.

शिक्षकांनी हिशेब करून पाहावा. वर्गात चाळीस मुले धरा. प्रत्येकाने पाटीएवढ्या कागदावर सहा चित्रे काढली तर दोनशे चाळीस होतात. सेकंदाला बारा या मापाने वीस सेकंदांचा खेळ झाला. मोबाइल एका जागी पक्का बांधून एकेक चित्र टिपले की काम भागते. वीस सेकंदांत जात्याचे सात-आठ फेरे सहज होतात. जनाबाईचे लुगडे कोणत्या रंगाचे, ते कुठे फाटलेले, जाते अंगणात की पडवीत, हे मुलांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून ठरवावे. खरी भांडणे लागतील ती देवावरून. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा, की पिठाने पांढरे झालेले मुंडासे? लागू द्यावीत.